लाल चिठ्ठीच्या गोळ्या

हरमल, १२ सप्टेंबर १९८६

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडता बाजूला ठेवलंत तरी माझी तक्रार नाही. पण आत एक प्रश्न आहे, आणि तो घरचा नाही, दुकानाचा आहे. औषधांचं दुकान चालवणारं माझ्या ओळखीत तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

क जीवनसत्त्वाची गोळी आणि तिच्यासारखीच दिसणारी, तशीच आंबटगोड लागणारी, पण आत काहीच नसलेली गोळी, अशा दोन समोर ठेवल्या तर ओळखता येतात का? जिभेनं, वासानं, पाण्यात विरघळवून, कशानंही?

का विचारते ते सांगते. चवथीच्या आदल्या आठवड्यात पणजीहून एक डॉक्टरीण जीप घेऊन आली. अर्चना तिचं नाव. वय तुमच्या योगेशएवढं असेल, पण चष्मा आजीचा. तिला बघायचं आहे की रोज क जीवनसत्त्व घेतलं तर सर्दी, पडसं, तापाचा खोकला यायचा थांबतो का. आमच्या वरच्या वाड्यावरची तेवीस घरं आणि खालच्या दोन वाड्यांवरची मिळून सत्तर घरं तिनं घेतली. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना लाल कागद चिकटवलेली बाटली, निम्म्यांना निळा कागद. एका रंगात खरी गोळी, दुसऱ्यात खोटी. कुठल्या रंगात काय, ते ना घरवाल्यांना ठाऊक, ना डॉक्टरिणीला. ते पणजीच्या ऑफिसात एका पाकिटात बंद आहे आणि सहा महिन्यांनी उघडायचं.

तिला गावात फिरून वही लिहिणारं कोणी हवं होतं. पंचायतीत कोणीतरी माझं नाव घेतलं. ती घरी आली.

"मावशी, शिक्षण किती?"

"दुसरी."

"पण लोक सांगतात, तुम्ही वाड्यावर पेपर वाचून दाखवता."

"तिसरीपासूनचं घरी केलं," मी म्हटलं.

ती हसली आणि वही माझ्या हातात दिली. मला स्वतःला गोळी नाही. मोजणाऱ्यानं खायचं नाही, असा नियम.

आता घरचं एकच. मास्तरांच्या तेराव्याला तुम्ही कपाटातून तुमच्या दुकानाच्या दोन बाटल्या काढल्यात, झाकणाची पट्टीसुद्धा न फाडलेल्या, आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "माझ्या भावाला या का दिल्या नाहीस? दिल्या असत्यास तर तो आज असता." मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आजही देत नाही. पण त्या बाटल्यांत हेच जीवनसत्त्व होतं. दिल्या असत्या तर ते असते का, हे पावणेचार वर्षं मी पण स्वतःला विचारते आहे. आता कोणीतरी मोजून सांगणार आहे. म्हणून वही घेतली.

शांता

•

हरमल, ४ ऑक्टोबर १९८६

वन्सं,

दुकानाच्या बिलाच्या कागदामागे तीन ओळी आल्या. "नीट बनवली असेल तर ओळखता येत नाही. पाण्यात टाकून बघू नये, गोळी फुकट जाते. प्रकृती सांभाळणे." तीनच ओळी, पण तिसरीची गरज नव्हती आणि तुम्ही ती लिहिलीत. बाहेर बघताना दिसेल असा कागद जनेलाच्या फळीवर ठेवला आहे.

शिंका मोजणं वाटलं होतं तितकं सोपं नाही. शेजारी रंजना राहते. ती कोल्हापूरकडची, नवरा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवतो. तिच्याकडे दर शनिवारी तासभर मोडतो.

"मावशी, मंगळवारी शिंक आली, पर मिरच्या कुटताना. ती लिवायची का?"

"ती नाही."

"आन् मग तिच्या मागनं आणिक दोन आल्या, त्या?"

"मिरच्या कुटून झाल्या होत्या का?"

"झाल्या हुत्या, पर वास हुता की."

शेवटी डॉक्टरिणीला विचारून नियम केला. नाक दोन दिवस गळलं पाहिजे, नाहीतर घसा दुखला पाहिजे, नाहीतर अंग तापलं पाहिजे. नुसती शिंक म्हणजे शिंक.

सगुण गुरव दुसऱ्या टोकाचा. देवळात पूजा करतो, नाकातून धार लागलेली, डोळे लाल, आणि मला पाहिल्याबरोबर सांगतो, "वही बंद कर गो शांते. माका थंडी जावंक ना. हो धुपाचो धूर." तीन शनिवार त्याचा धूर चालू आहे. मी पेन्सिलीनं धूर असं लिहिलं. डॉक्टरिणीनं वाचलं, खोडलं आणि सर्दी लिहिलं.

खालच्या वाड्यावर एका घरात एक गोरा भाड्यानं राहतो. अनवाणी फिरतो. त्यानं मला खुणा करून सांगितलं की त्याच्या देशात लोक या गोळ्या मूठभर खातात. मी विचारलं, सर्दी होत नाही का मग? त्यानं बराच विचार केला आणि नाक शिंकरलं.

हसायला येतं दिवसभर. मास्तर असते तर ही वही त्यांनी माझ्या हातात राहू दिली नसती. रकाने आखून दिले असते.

शांता

•

हरमल, १६ नोव्हेंबर १९८६

वन्सं,

पत्र पोचलं. दोन पानी! योगेशचं लग्न ठरलं हे वाचून बरं वाटलं. मुलगी प्राजक्ता नावाची आणि शिकवणारी, म्हणजे मास्तरांच्या भाच्याला शोभेल.

इथे एक प्रकार झाला. तुम्ही हसाल. वाड्यावरच्या बायकांना सहा महिने धीर निघेना. लाल खरी की निळी? लाल घरवाल्या म्हणतात आमची, निळ्या घरवाल्या म्हणतात आमची. शेवटी त्यांनी देवाला कौल लावायचं ठरवलं. तुम्ही लहानपणी इथे बघितला आहे. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजव्या बाजूची आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. आमच्याकडे गाय विकायची तरी कौल, पोरीचं स्थळ आलं तरी कौल. मग गोळीनंच काय पाप केलं?

सगुणनं गाऱ्हाणं घातलं. उजवी म्हणजे लाल, डावी म्हणजे निळी. बराच वेळ काही पडेना. रंजना माझ्या कानात म्हणाली, "देव बी डाक्टरणीला घाबरतोय." आणि तेवढ्यात उजवी पडली. लाल.

मी तिथे होते, म्हणजे असायलाच हवं होतं, वाड्यावरचं सगळं बघायचं माझं काम. आता लाल घरवाल्यांची मान ताठ आहे, निळ्यांचे चेहरे उतरले आहेत. पण गोळ्या बरोबर घेतात. मी मोजते.

शांता

•

हरमल, २८ डिसेंबर १९८६

वन्सं,

दोन आठवडे टपाल नाही, गाड्या नाहीत. भाषेवरून काय काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. तुम्ही विचारलंत, मी कुठल्या बाजूची. मी चुलीपाशी कोंकणी बोलते आणि जनेलापाशी मराठी वाचते. दोन्हीकडच्या लोकांनी मला आपलं धरलं आहे आणि मी कोणाला नाही म्हटलेलं नाही. डॉक्टरीण कोंकणीत विचारते, मी मराठीत लिहिते, ती इंग्रजीत उतरवते. आतापर्यंत कोणाच्या सर्दीनं हरकत घेतलेली नाही.

पण आज लिहायला बसले ते दुसऱ्या कारणानं.

दर शनिवारी मी बाटल्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजते. एखाददुसरी जास्त उरतेच. कोणी माहेरी जातं, कोणी विसरतं. खालच्या वाड्यांवर आजही तसंच आहे. आमच्या तेवीस घरांत मात्र सलग पाच शनिवार हिशेब चोख. एकही गोळी जास्त नाही, एकही कमी नाही. वन्सं, माणसं इतकी चोख नसतात.

काल रंजनाच्या मागीलदारी गेले. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. दाण्यांत पांढरं काहीतरी दिसलं.

"रंजना, हे काय गो?"

"निळ्या बाटलीतल्या हाएत. आमी खाऊन काय उपेग? देवानं लाल सांगितल्यात."

"आणि तू काय खातेस?"

"लालवाल्या वैनी रोज निम्मी धाडत्यात. एकटीनं कसं खायाचं, म्हनत्यात."

तेवीसच्या तेवीस घरांत हेच. चवथीच्या गोड नेवऱ्या जशा ताटातून शेजारी पोचवतात तशी अर्धी अर्धी गोळी, वर केळीच्या पानाचा तुकडा झाकून. कोणी नाही म्हणायचा प्रश्नच नाही. आणि सगळ्यांनी मिळून माझ्यापासून लपवलं, कारण मला वाईट वाटेल. रंजना सांगते, तिच्या कोंबड्यांना गेल्या सहा आठवड्यांत एकदाही सर्दी झालेली नाही.

आता खरं लिहिते. मागच्या पत्रात मी लिहिलं की बायकांनी कौल लावायचं ठरवलं. बायका नुसत्या बोलत होत्या. "सगुणा, देवाला विचार" असं म्हणाले ती मी. मला सहा महिने थांबवेना. तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला लवकर हवं होतं, आणि ते मिळवायची दुसरी वाट मला दिसली नाही. खरी गोळी कुठल्या रंगात ते कळलं तरी तिनं सर्दी थांबते का हे कळणार नव्हतं, हे माझ्या डोक्यात सुद्धा आलं नाही.

डॉक्टरीण येत्या आठवड्यात येईल. वहीत सगळं ठीक दिसतं. मी गप्प बसले तर कोणाला कळणार नाही. रंजना म्हणते, गप्प बसा. सांगितलं तर सगळी मेहनत फुकट म्हणून ती चाचणीच बंद करेल, आणि मला उत्तर कधीच मिळणार नाही. नाही सांगितलं तर उत्तर मिळेल, पण ते कोंबड्यांनी आणि केळीच्या पानांनी मिळून दिलेलं असेल.

तुमच्या पत्राची वाट बघितली असती, पण ते वेळेत यायचं नाही.

शांता

•

हरमल, १८ जानेवारी १९८७

वन्सं,

सांगितलं.

डॉक्टरीण पायरीवर बसली होती, हातात चहा. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. कौल, अर्ध्या गोळ्या, कोंबड्या, आणि सुरुवात माझी हे पण. तिनं चष्मा काढला. काचा पुसल्या. मग म्हणाली, "मावशी, तुमी देवाकय चाचणेंत घेतलो?" आणि हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी. ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं. तिनं वर्षभर या कामासाठी खेटे घातले आहेत.

"तेवीस घरं गेली," ती म्हणाली. "वरचा वाडा आता मोजायचा नाही."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांनी कौल लावला?"

"नाही. त्यांचा देव वेगळा."

तिनं पुन्हा चष्मा चढवला. म्हणाली, दोन वाडे राहिले, घरं थोडी, पण चालवू. मार्चऐवजी एप्रिलअखेर. वही मी परत दिली तर तिनं घेतली नाही. "जिनं आपणहून सांगितलं तिच्याकडेच राहू दे. पाच आठवडे चोख हिशेब बघून मला आनंद झाला होता. मला शंकाच आली नाही, मावशी. तुम्हाला आली."

मग मी वाड्यावर सगळ्यांना जमवून सांगितलं की आपण बाद झालो. रंजना रुसली आहे. सगुण म्हणतो, "बाद आमी, देव न्हय."

परवा मास्तरांचं श्राद्ध झालं. चार वर्षं. तांदळाची खीर केली. त्यांना आवडायची तशी वेलची जास्त.

शांता

•

हरमल, १० मे १९८७

वन्सं,

पाकीट उघडलं. डॉक्टरीण मुद्दाम स्वतः आली सांगायला.

खरी गोळी निळ्यात होती. लालमध्ये नुसती आंबटगोड भुकटी. रंजनाच्या कोंबड्यांनी आमच्या वाड्याचं सगळं जीवनसत्त्व खाल्लं. ती कपाळावर हात मारून घेत होती. सगुणला मी म्हटलं, आता काय सांगतोस? तो अजिबात डगमगला नाही. "आमी विचारलां, घरांनी खंयची घेवची? देवान सांगलां लाल. लाल घेवन कोणाचें वायट जालां?"

आणि त्यात खोटं काही नाही, कारण दुसरी गोष्ट अशी. दोन्ही वाड्यांवर, खरी गोळी घेणाऱ्यांना आणि भुकटी घेणाऱ्यांना सर्द्या जवळजवळ सारख्याच झाल्या. खरीवाल्यांची सर्दी साधारण अर्धा दिवस आधी ओसरली, पण घरं इतकी थोडी की तेही नक्की म्हणता येत नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. मोठ्या देशांत मोठ्या चाचण्या झाल्या आहेत, त्यांतही फार वेगळं निघालेलं नाही म्हणे. ती निराश दिसली नाही. मी पेज वाढली, दोन वाट्या घेतल्या तिनं.

मी तिला विचारलं, "चार वर्षांपूर्वी एका माणसाला या गोळ्या दिल्या असत्या तर तो सर्दीतून न्यूमोनियात गेला नसता का?" ती म्हणाली, "मावशी, न्यूमोनियाबद्दल या कागदात काही नाही. गोळीनं त्यांची सर्दी थांबली असती असं मी म्हणणार नाही. त्यापुढचं मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्यासारखं बोलणार नाही."

हे शेवटचं वाक्य तुम्हाला न कळवता मला पत्र संपवता आलं असतं. तुमच्या प्रश्नाला उत्तर झालं असतं. पण मग मला तुम्हाला खरं सांगायची गरज पडली नसती, आणि ते आता सांगायचं आहे.

तुम्ही पाठवलेल्या पहिल्या चार बाटल्या मास्तरांनी शाळेत नेल्या. जो पोरगा पाढा बिनचूक म्हणेल त्याला एक आंबट गोळी. एकोणतीसचा पाढा म्हणणाऱ्याला दोन. त्या वर्षी शाळेत पाढे इतके पक्के झाले की तपासणीला आलेल्या साहेबांनी चांगला शेरा दिला. मला कळलं तेव्हा मी भडकले. तुम्ही बेळगावहून प्रेमानं पाठवता आणि हे वाटून टाकतात. पाचवी-सहावी बाटली मी कपाटात घालून कुलूप लावलं, म्हटलं माझ्या हातानं एकेक देईन. ते म्हणाले, मला तुरुंगातल्यासारखं नको. आणि मी बोलणं बंद केलं. आठ दिवस. त्या आठ दिवसांत त्यांना खोकला सुरू झाला आणि त्यांनी मला सांगितलं नाही, कारण मी बोलत नव्हते. नवव्या दिवशी ताप चढला, मी बोलले, तोवर उशीर झाला होता.

तेराव्याला मी गप्प राहिले ते यासाठी. तुमच्या गोळ्या त्यांनी पोरांना वाटल्या हे सांगून तुमचं मन मोडायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. ते निम्मं खरं आहे. बाकी निम्मं हे की आठ दिवसांचं कोणाला कळू नये.

गोळ्यांनी कदाचित काही झालं नसतं. पण मी विचारलं असतं, "खोकता का?" तर झालं असतं. याची चाचणी कुठली डॉक्टरीण करणार नाही.

आता तुम्हाला जे वाटेल ते लिहा, किंवा लिहू नका.

शांता

•

हरमल, ३ जून १९८७

वन्सं,

शनिवारी गोवा राज्य झालं. पंचायतीत पेढे वाटले, रेडिओ दिवसभर मोठ्यानं लावला होता. त्याच गडबडीत पोस्टमन तुमचं जाड पाकीट देऊन गेला. मी ते घरात नेलं, कदेल ओढून त्यावर बसले आणि उघडलं. आत तुमचं पत्र आणि मास्तरांच्या अक्षरातलं पोस्टकार्ड. ८ जानेवारी १९८३चं. तुम्ही लिहिता, चार वर्षं हे कोणाला दाखवलं नाही, कारण त्यात खोकल्याचं लिहिलं होतं आणि तुम्ही यायच्याऐवजी उत्तर पाठवलंत, गोळ्या घे. म्हणून तेराव्याला माझ्यावर ओरडलात.

वन्सं, आपण दोघी काय बायका आहोत! एक बोलली नाही म्हणून गप्प, दुसरी बोलली म्हणून गप्प.

कार्ड मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. तरी उतरवते, तुम्ही लिहिताना रडलात असं दिसतं, तेव्हा नीट वाचलं नसेल. "सौ. शालूताईस. खोकला आहे, फार नाही. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही, आज सहावा दिवस. गोळ्या पोरांना वाटल्या म्हणून. रागात ती फार छान दिसते हे तिला कळू देऊ नकोस. बोलत नाही, पण आंघोळीच्या पाण्यात निलगिरीचा पाला असतो, पेजेत सुंठ असते, आणि सदऱ्याखाली बनियन काढून ठेवलेला असतो. इतकी बडबड तिनं लग्न झाल्यापासून केली नव्हती. दहाव्या दिवशी बोलेल असा माझा अंदाज आहे. मी घाई करत नाही. दत्ताराम."

पाला मी टाकत होते, खरंच. विसरले होते. मला फक्त न बोललेलं आठवत होतं.

अंदाज एका दिवसानं चुकला त्यांचा. बाकी सगळं त्यांना कळत होतं, आणि मजेत होते हो ते. मी चार वर्षं समजत होते की माझ्या रागात गेले.

काल दुपारी रंजना आली, मी रडते आहे की हसते आहे ते तिला ठरवता येईना. म्हणाली, "वहीत काय लिवू, मावशी?" मी म्हटलं, वही संपली.

कार्ड टपालानं परत पाठवत नाही. पुन्हा जनेलापाशी ठेवून वाचते आहे, आणखी चार दिवस ठेवू द्या. योगेशच्या लग्नाला आठ दिवस आधी येते, तेव्हा हातानं देईन. सावंतवाडीहून दुपारची गाडी धरीन, संध्याकाळपर्यंत बेळगाव. स्टँडवर घ्यायला कोणाला पाठवू नका, तुम्हीच या. मी खाली उतरल्याबरोबर बोलायला लागणार आहे, ते ऐकायला घरचं माणूस हवं.

तुमची वहिनी,
शांता